भिरभिरं, बुडबुडे आणि व्हेनफ्लॉन

मुलांच्या वॉर्डात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं खोटं म्हणजे "काही दुखणार नाही हं." आई म्हणते, आजी म्हणते, वॉर्डबॉय मामा म्हणतात, डॉक्टरही म्हणतात. पुढच्या अर्ध्या मिनिटात सुई ते खोटं पाडते. मग त्या मुलाचा जो विश्वास उडतो तो उडतोच. पुढच्या वेळी नुसतं वजन करायला नेलं तरी ते दाराची चौकट सोडत नाही, आणि त्याला सोडवायला चार माणसं लागतात. त्या चार माणसांची दमछाक, आईच्या डोळ्यांतलं पाणी, हललेल्या हातामुळे फुटलेली शीर, पुन्हा दुसऱ्या हाताला सुरुवात. सगळ्यांचा दिवस खराब करायला ते एक वाक्य पुरतं.

आरोग्यसेवेतला आनंद, खेळकरपणा असं म्हटलं की लोकांना भिंतीवरची कार्टून्स आणि बालदिनाचे फुगे आठवतात. किंवा स्टाफसाठी दुपारी ठेवलेलं तणावमुक्तीचं व्याख्यान. भिंती रंगवाव्यात, जरूर रंगवाव्यात. पण मला ज्या खेळाबद्दल लिहायचंय तो हातात असतो. सुई धरलेल्या हाताच्या शेजारच्या हातात. तो शिकावा लागतो, त्याला क्रम असतो, वेळ असते, त्यात चुका होतात. आणि तो जमला की सिस्टरची ड्यूटी खरोखर हलकी होते, कारण रडणारं मूल शांत होण्याइतकं समाधान या कामात दुसरं फार थोड्या गोष्टींत आहे.

सुरुवात लसीकरणाच्या दिवसापासून करू, कारण ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. अंगणवाडीची खोली, व्हॅक्सिन कॅरियर, आशाताईंची यादी, सतरंजीवर दहा-बारा आया. दीड महिन्याच्या बाळाला तोंडातून पोलिओ आणि रोटाव्हायरसची लस, आणि तीन सुया: दंडावर एफआयपीव्ही (पोलिओची टोचायची लस), एका मांडीवर पीसीव्ही (न्यूमोनियाविरुद्धची), दुसऱ्या मांडीवर पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस). अडीच महिन्यांना सुई एकच. साडेतीनला पुन्हा तीन. म्हणजे पहिल्या चार महिन्यांत बाळ सात वेळा टोचून घेतं, जन्माच्या वेळच्या सुया वेगळ्या.

यात खेळ कसला, असं वाटेल. दीड महिन्याच्या बाळाचा खेळ म्हणजे आई. त्याला वीतभर अंतरावरचा चेहराच नीट दिसतो, त्यामुळे लांबून खुळखुळा वाजवणाऱ्या मावशींचा त्याला काही उपयोग नाही. त्याला छातीशी घ्यायचं आणि पाजायला सुरुवात करायची. सुई टोचायच्या क्षणी पदर सावरायला लावून उपयोग नाही. बाळ आधीच नीट लागलेलं हवं, गिळण्याचा आवाज यायला हवा, आणि मग मांडी मोकळी करायची. टोचताना, टोचल्यावरही पाजणं चालू. ठसका लागेल म्हणून पुष्कळ ठिकाणी आईला थांबायला सांगतात. पण जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली लसीकरणातल्या वेदनेवर जी भूमिका मांडली तिच्यात स्तनपान हा पहिल्या फळीचा उपाय आहे. तिथेच आणखी काही साध्या गोष्टी आहेत, ज्यांना एक पैसाही लागत नाही. गोडसर रोटाव्हायरसची लस सुयांच्या आधी द्यायची. अनेक सुया असतील तर जी जास्त झोंबते ती सगळ्यात शेवटी, कारण पहिली सुई फार दुखली की पुढच्या सगळ्या दुखतात. सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का ते बघत बसायचं नाही. मांडीच्या त्या भागात मोठी रक्तवाहिनी नसते आणि ओढाओढीत सुई आत जास्त वेळ राहते, हलते. लहान मुलांना आडवं दाबून न ठेवता कडेवर किंवा मांडीवर घ्यायचं.

दीड-दोन वर्षांचं मूल मात्र वेगळी गोष्ट आहे. सोळा ते चोवीस महिन्यांच्या भेटीला येणारं मूल चालतं, पळतं, माणसं ओळखतं, आणि त्याला मागची सुई आठवत असते. याला टेबलावर आडवं केलं की संपलं. आडवं पडणं म्हणजेच त्याच्यासाठी हार. आईला पाठ टेकायची खुर्ची द्यावी, मूल तिच्याकडे तोंड करून मांडीवर बसवावं, त्याचे पाय तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. आईनं त्याला मिठीत घ्यायचं, त्याचे दोन्ही हात तिच्या हातांखाली. जी मांडी हवी ती बाहेरच्या बाजूनं मोकळी मिळते. गुडघ्याच्या वर एका हातानं मांडी स्थिर धरली की पाय झटकला जात नाही. मिठी घट्ट असते, पण ती मिठीच असते. मूल तिला धरपकड समजत नाही. आणि त्या वेळी आशाताईंनी आईच्या पाठीमागे उभं राहून खांद्यावरून "भॉक!" करायचं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, तिसऱ्यांदा थोडं थांबून. ते थांबणं महत्त्वाचं आहे. मूल वाट बघत असतं त्या क्षणी सुई जाते.

हे का चालतं, त्याची बैठक 1965 साली मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी घातली. वेदनेची खबर मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते तेव्हा वाटेत जणू फाटक असतं, असं त्यांनी मांडलं. स्पर्शाच्या खबरी त्याच वाटेनं आल्या की फाटक काहीसं मिटतं, आणि मेंदूकडून खाली येणाऱ्या सूचनांनीही मिटतं. लक्ष कुठे आहे, भीती किती आहे, यावर दुखणं ठरतं ते म्हणूनच. बाळाचं मन "रमवणं" हा शब्द आपण सहज वापरतो. शरीराच्या हिशेबात ते काम फार ठोस आहे.

आता व्हेनफ्लॉन, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवून ठेवायची बारीक नळी. लसीची सुई सेकंदाची असते. सलाईनची शीर मिळवणं हे दहा मिनिटांचं काम होऊ शकतं, आणि मुलांच्या वॉर्डात सगळ्यात जास्त आरडाओरडा त्याचाच. त्यामुळे सगळ्यात जास्त तयारीही याचीच हवी.

पहिला नियम: हे काम मुलाच्या खाटेवर करायचं नाही. खाट ही त्याची सुरक्षित जागा. तिच्यावर सुई आली की मग ते झोपतही नाही. वेगळी खोली असेल तर तिथे, नसेल तर निदान पडद्याआड वेगळ्या स्टुलावर. आणि आईला आत घ्यायचं. आपल्याकडे आई चोवीस तास मुलाच्या उशाशी असते. आईबापांना दवाखान्यात थांबू द्या हे सांगायला ब्रिटनला 1959 साली प्लॅट समितीचा अहवाल लिहावा लागला होता. आपल्याकडे ती अडचण नाही, तरी नेमक्या सुईच्या वेळी आईला दाराबाहेर उभं करायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. कारण सांगतात, आई पाहून मूल जास्त रडतं. मला वाटतं, ते तिला पाहून रडतं कारण तिच्याजवळ रडायला हरकत नसते. पण तिला काम द्यावं. नुसती उभी असलेली आई घाबरते आणि ती भीती मुलाला लागते. गोष्ट सांग, हात धर, डोळ्यांकडे बघ, असं नेमकं एकच काम सांगावं.

दुसरं, मुलाला विचारायच्या आधी आईला विचारायचं: अंगठा कुठला चोखतो? चोखायच्या हाताला व्हेनफ्लॉन लावणं म्हणजे पुढचे तीन दिवस त्या मुलाचा एकमेव आधार काढून घेणं. ते स्प्लिंटसकट (हात सरळ ठेवायला बांधलेल्या पुठ्ठ्यासकट) अंगठा तोंडात घालायला बघणार, चिकटपट्टी ओली होणार, शीर जाणार. लिहिता हात, चोखता हात मोकळा ठेवला की निम्मं भांडण मिटतं.

तिसरं, सगळं सामान आधी. चोवीस नंबरची पिवळी सुई, बावीसची निळी, नवजात बाळ असेल तर सव्वीसची जांभळी. कापलेल्या चिकटपट्ट्या ट्रेच्या कडेला लावून ठेवलेल्या, सलाईननं भरलेली सिरिंज, स्प्लिंट मापाची. खेळ सुरू झाल्यावर "अहो, मायक्रोपोर कुठंय?" असं झालं की खेळ मोडतो आणि पुन्हा लागत नाही. खेळकर सिस्टर ही बहुतेक वेळा फार शिस्तीची सिस्टर असते.

मग टॉर्च. खोलीतला दिवा मंद करून बाळाच्या तळहाताखाली छोटा एलईडी टॉर्च लावला की हात लालबुंद उजळतो आणि शिरा काळ्या रेघांसारख्या दिसतात. हे शीर शोधायचं तंत्र आहे आणि मुलासाठी ती जादू आहे. "बघ, तुझ्या हातात दिवा लागला." तीन-चार वर्षांचं मूल आपला हात स्वतःच पुढे करतं. जुन्या बल्बचा टॉर्च मात्र वापरू नये. तो तापतो, आणि नवजात बाळाची कातडी भाजायला तेवढी ऊब पुरते.

तळहातावर मोर बसवून त्याला चारा द्यायचा, पाणी द्यायचं आणि शेवटी भुर्रकन उडवायचा, हा आपल्या घराघरांतला खेळ वॉर्डात सोन्यासारखा आहे. तळहात उघडा, हात पुढे, बोटं सैल, आणि मूल वाट बघत थांबलेलं. शीर बघायला, नस चाचपायला याहून चांगली स्थिती नाही. बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली की मूल बोट हलवतं आणि आकडा चुकतो, मशीन ओरडतं. तिथे मोर झोपवायचा. "मोर झोपलाय, त्याच्या घरात लाल दिवा लागलाय, हलवलंस तर उठेल." अर्धं मिनिट स्थिर मिळालं की आकडा मिळाला.

फक्त एक जपावं. मोराच्या खेळातच सुई टोचून तो खेळ नासवू नये. मुलाच्या घरच्या खेळात दगा झाला तर ते घरीही हात पुढे करणार नाही. सुईच्या आधी खेळ थांबवायचा, सांगायचं: "आता टोचेल, एक-दोन-तीन म्हणेपर्यंत चुरचुरेल, मग संपेल. तू फुंकर मार." खरं, थोडक्यात, आणि फार आधी नाही. तासभर आधी सांगितलं की तासभर रडणं होतं. "मुंगी चावल्यासारखं" हे सर्रास म्हटलं जातं, पण शेतावर वाढलेल्या मुलाला लाल मुंग्यांचा अनुभव असतो आणि ते या वाक्यावर जास्त घाबरतं. विचारतानाही जपावं. "टोचू का?" असं विचारून "नको" आल्यावर टोचणं हा अन्याय आहे. ज्याचं उत्तर पाळता येईल तेच विचारायचं: हिरवी पट्टी की पिवळी? आईच्या मांडीवर की खुर्चीवर? आधी डोळे मिटायचे की बघायचं? काही मुलांना सुई बघायचीच असते. बघू द्यावी. त्यांचा धीर बघण्यातून येतो, आणि त्यांना जबरदस्तीनं खिडकीकडे वळवलं की ती बिथरतात.

फुंकरीसाठी साबणाचे बुडबुडे. विकतची बाटली आणली तरी चालते. घरी करायचं तर एक वाटी भांडी घासायच्या लिक्विडला सहा ते आठ वाट्या पाणी, वर चमचाभर साखर, आणि रात्रभर झाकून ठेवायचं म्हणजे फेस बसतो आणि बुडबुडा टिकतो. काडी प्रत्येक मुलाची वेगळी, नाहीतर सिस्टरनं स्वतः हलवून बुडबुडे काढायचे आणि मुलानं लांबून फुंकून फोडायचे. एकाच काडीला दहा तोंडं लागू द्यायची नाहीत. उघडी जखम, भाजलेलं अंग, निर्जंतुक ट्रे असेल तिथे बुडबुडे अजिबात नाहीत, कारण प्रत्येक बुडबुडा फुटताना साबणाचे तुषार उडवतो. आणि फरशी पुसायची. बुडबुड्यांनी फरशी निसरडी होते आणि सलाईनचा स्टँड ढकलत येणारी आजी घसरते. दोन वर्षांखालच्या मुलाला फुंकता येत नाही, ते फक्त बघतं. तीनच्या पुढचं फुंकतं, आणि लांब फुंकर म्हणजे लांब उच्छ्वास. त्यात दंड सैल पडतो.

हातमोज्याचा फुगा करून त्याला कोंबडा काढायची पद्धत सगळीकडे आहे. दिसतो छान. पण रबरी मोजा फुटला की तुकडा लहान मुलाच्या घशात अडकतो, आणि तो चिवट तुकडा श्वासनलिकेवर झाकणासारखा बसतो. पाठीचा कणा जन्मतः उघडा असलेल्या मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी होण्याचं प्रमाणही जास्त. शाळकरी मुलांनाच द्यावा, आणि फुटला की सगळे तुकडे मोजून उचलावेत. सुई नसलेली दहा किंवा वीस मिलीची सिरिंज मात्र उत्तम खेळणं आहे. पाण्याची पिचकारी, बाहुलीला औषध पाजणं. मुलाच्या हातात सिरिंज आली की प्रथमच ती वस्तू त्याच्या ताब्यात येते. पाकीट फोडून काढलेली नवीच द्यायची. दवाखान्याच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत गेलेली कुठलीही वस्तू, कितीही धुतली तरी, खेळात परत येत नाही.

व्हेनफ्लॉन लागल्यावर वॉर्डातली सगळ्यात मोठी हौस म्हणजे त्याच्यावर कार्टूनची पट्टी गुंडाळणं. हौस चांगली, पण जागा चुकीची. सुईची जागा दर तासाला दिसली पाहिजे: सूज आली का, लाल झाली का, गार लागते का. चित्राच्या पट्टीखाली सलाईन बाहेर झिरपून अख्खा हात सुजेपर्यंत कुणाला कळत नाही. चित्र स्प्लिंटवर काढावं. बोटांची टोकं उघडी, सुईची जागा पारदर्शक पट्टीखाली, आणि स्प्लिंटच्या पुठ्ठ्यावर हवा तेवढा वाघ.

श्वासाचे आजार असलेल्या मुलांकडे वळलं की खेळ आणि औषध यांच्यातली रेघ पुसलीच जाते. दम्याच्या मुलाला स्पेसरमधून (पंप आणि तोंड यांच्यामधल्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यातून) पंप देताना ते रडत असेल तर औषध फुप्फुसात फारच थोडं पोचतं. रडताना उच्छ्वास लांब आणि श्वास तोकडा, झटक्याचा. औषध तोंडात, घशात बसतं. "रडतोय म्हणजे जास्त खेचतोय, चांगलंच आहे" हा समज चूक आहे. मास्क चेहऱ्यापासून लांब धरून वाफ नाकासमोर सोडणं हाही उपाय नाही, औषध हवेत जातं. म्हणून मूल शांत करणं हा डोसचाच भाग. मास्क आधी बाहुलीला, मग आईला, मग सिस्टरला लावून दाखवायचा. झोपलेल्या मुलावर चोरून लावला तर ते दचकून उठतं आणि पुन्हा मास्क जवळ येऊ देत नाही. स्पेसरची झडप प्रत्येक श्वासाला टिकटिक करते. ती मोजणं हा खेळ: एक पंप, पाच-सहा टिकटिक. मग पंप पुन्हा हलवायचा आणि दुसरा. एकदम दोन पंप मारले की थेंब एकमेकांना चिकटून स्पेसरच्या भिंतीवर बसतात. धुताना स्पेसर साबणाच्या पाण्यात बुचकळून तसाच निथळत ठेवावा. फडक्यानं पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध पुढच्या वेळी भिंतीलाच चिकटतं. हे आयांना सांगितलं की त्या लक्षात ठेवतात, कारण यात गंमत आहे.

छातीत कफ साठणाऱ्या मुलांना फिजिओथेरपिस्ट बाटलीतले बुडबुडे शिकवतात. बाटलीत दहा सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी, साबणाचे दोन-तीन थेंब, तळापर्यंत जाणारी नळी. मुलानं नळीतून हळू, लांब फुंकायचं. फेस बाटलीच्या तोंडावर चढून बाहेर आला की जिंकलं. पाण्याच्या त्या उंचीचा विरोध पार करत फुंकताना बारीक श्वासनलिका मिटत नाहीत आणि कफ सुटतो. सहा ते दहा फुंकरींनंतर "हा, हा" करत कफ वर आणायचा, मग पुन्हा बाटली. ओढून प्यायला लागणाऱ्या मुलाला हे द्यायचं नाही, म्हणून साधारण तीन वर्षांच्या पुढे. पाणी रोज बदलायचं, नळी धुऊन वाळवायची. थुंकीत रक्त असेल, फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल तर हा खेळ बंद. जत्रेतलं भिरभिरं याहून हलक्या कामाला. ऑपरेशननंतर पोट दुखतं म्हणून श्वास चोरणाऱ्या मुलाला भिरभिरं दिलं की ते विसरून फुंकतं.

मोठ्यांच्या हातात देतात ते श्वासाच्या व्यायामाचं, तीन चेंडूसारख्या गोळ्यांचं यंत्र. त्याच्यावर 600, 900, 1200 असे आकडे असतात, आणि दहातले निम्मे लोक ते फुंकतात. ते आत ओढायचं असतं. आणि तिन्ही गोळ्या धाडकन वर उडवणं ही फुशारकी. एकच गोळी तीन सेकंद वर अधांतरी धरली की फुप्फुसाचा तळ खरा उघडतो. हे सांगताना शेजारच्या दोन खाटांची पैज लावून द्यावी. गावाकडची माणसं पैजेवर जो श्वास ओढतात, तो सूचनेवर ओढत नाहीत. घाईत दहा-पंधरा वेळा ओढलं तर चक्कर येते, म्हणून प्रत्येक डावानंतर दोन साधे श्वास.

दवाखान्यात विदूषक आणायची कल्पना आता जगभर रुळली आहे. न्यूयॉर्कमध्ये बिग ॲपल सर्कसच्या मायकल क्रिस्टेन्सन यांनी 1986 साली सर्कशीतल्या विदूषकांना मुलांच्या रुग्णालयात नेमानं नेण्याचा उपक्रम सुरू केला. त्यातली मला सगळ्यात आवडणारी रीत म्हणजे विदूषक दारावर टकटक करून विचारतो, आत येऊ का? मूल "नको" म्हणालं तर तो जातो. दवाखान्यात मुलाला ज्याला नाही म्हणता येतं असं माणूस दुसरं कोण असतं? पण या कथेची दुसरी बाजूही सांगायला हवी. इटलीत फ्लॉरेन्सला 5 ते 12 वर्षांच्या 40 मुलांवर एक अभ्यास झाला, 2005 साली छापून आला. भूल देताना आईबाबांबरोबर विदूषक असलेली मुलं कमी घाबरलेली होती. तरी ऑपरेशन थिएटरच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांनी हा उपक्रम पुढे चालू ठेवायला विरोध केला. कामात अडथळा येतो म्हणाले. मला त्या कर्मचाऱ्यांचा राग येत नाही. बाहेरून आणलेला खेळ कामाच्या वेळेशी जुळलेला नसेल तर तो भार होतो. थिएटरची यादी लांबते, शेवटचा पेशंट उपाशी ताटकळतो, आणि बोलणी सिस्टरला बसतात. म्हणून भुलीच्या टेबलाशी जी माणसं रोज उभी असतात त्यांच्याच हातात खेळ असावा. मास्क फुगा आहे, फुगव, असं सांगायला भूलतज्ज्ञाला वेगळा वेळ लागत नाही.

मोठ्यांच्या वॉर्डात खेळ नको असं समजायचं कारण नाही. डायलिसिसला माणूस आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास एका जागी. फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया ज्या जोडलेल्या शिरेत असतात तो हात हलवायचा नाही, दुसरा हात मोकळा. इथे गाण्याच्या भेंड्या फार चालतात: खिडकीकडची रांग विरुद्ध भिंतीकडची. फक्त वेळ बघावी. पहिल्या दोन तासांत सुरू करून तिसऱ्या तासाला आटपावं, कारण रक्तदाब पडणं, पायात गोळे येणं हे बहुधा शेवटाकडे होतं, आणि गाण्यात रंगलेला माणूस गरगरल्याचं उशिरा सांगतो. अचानक सूर सोडून गप्प झालेला भिडू म्हणजे आधी दाब मोजायचा. पत्ते खेळायचे तर एका हातानं धरता येत नाहीत. पुठ्ठ्याच्या खोक्याला चीर पाडली की त्यात पत्ते उभे राहतात.

अर्धांगवायूनंतरच्या हाताला तर खेळच हवा, कारण त्याला एकच हालचाल शेकडो वेळा करायची असते आणि नुसती मूठ उघडमीट करताना माणूस विसाव्या वेळी कंटाळतो. अष्टाचंगाचा पट मांडावा. कवड्या उचलणं, मुठीत खुळखुळवणं, मनगट फिरवून टाकणं. यात सगळ्यात अवघड असतं ते टाकणं. आवळलेली मूठ उघडून वस्तू सोडणं हे आखडलेल्या हाताला पकडण्यापेक्षा कठीण जातं, आणि डाव टाकायची ओढ ते करून घेते. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काहींना डावी बाजू जगात नसल्यासारखी वाटते. त्यांच्या सोंगट्या मुद्दाम डावीकडे मांडायच्या. खांदा लुळा असेल तर हात टेबलावर टेकलेला हवा, लोंबता नको. भान पूर्ण आलेलं नसेल तर कवड्या-चिंचोके देऊ नयेत, तोंडात जातात. आणि खेळताना जिंकू द्यायचं नाही. शेतकरी माणूस असो की निवृत्त मास्तर, मुद्दाम हरलेला डाव त्याला लगेच कळतो आणि तो अपमान समजतो.

सण हा वॉर्डातला मोठा खेळ. दिवाळीत वॉर्डात किल्ला करावा असं कुणाच्याही मनात येतं, आणि माती आणायची नाही हेही तितकंच पक्कं. मातीत बुरशीचे कण असतात. रक्ताच्या कर्करोगाच्या, केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला ते जिवावर बेततात. पण सलाईनची रिकामी खोकी असतात. ती उतरंडीनं रचायची, कागदाच्या बोळ्यांनी कडे आणि सुळके उठवायचे, आणि हाडांच्या विभागाकडून मुदत संपलेल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या मागून आणायच्या. पट्टी साध्या पाण्यात बुडवायची, बुडबुडे यायचे थांबले की काढून हलकी पिळायची आणि खोक्यावर पसरायची. काही मिनिटांत ती घट्ट होऊ लागते, तेवढ्यात बोटांनी पायऱ्या कोरायच्या. गरम पाणी घेतलं की फार लवकर आवळते. घट्ट होताना ती तापते, म्हणून मुलांच्या हातावर गंमत म्हणून गुंडाळायची नाही. उरलेलं प्लॅस्टरचं पाणी बेसिनमध्ये ओतलं की खालचा पाईप तुंबलाच. बादलीत बसू द्यावं आणि गाळ कचऱ्यात टाकावा. टंग डिप्रेसरच्या, म्हणजे जीभ दाबून घसा बघायच्या लाकडी पट्ट्यांचे मावळे होतात, तटबंदी होते, दरवाजा होतो. पणती नाही. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत ज्योत चालत नाही, सेलवरचे दिवे लावायचे. ज्यांच्या पायाला वजन बांधलंय त्यांना खाटेवर मावळे रंगवायचं काम द्यावं, म्हणजे किल्ला त्यांचाही होतो. त्या आठवड्यात नाईट ड्यूटीच्या सिस्टर तासभर आधी येतात, कुणी न सांगता.

खेळकरपणाच्या नावाखाली जे खपतं त्यातलं काही नको. पेशंटच्या शरीरावर, बोलीवर, जातीवर, नावावर केलेला विनोद हा खेळ नव्हे. वॉर्डातल्या मुलांसोबत नाचतानाचे व्हिडिओ काढून टाकू नयेत; टक्कल पडलेल्या मुलाचा चेहरा जगभर फिरवायची परवानगी त्यानं दिलेली नसते, आणि आईनं दिली असली तरी ती दवाखान्याला नाही म्हणायच्या स्थितीत नसते. शेजारच्या खाटेवर कुणी शेवटचे श्वास घेत असेल तर पडदा पुरेसा नाही, खेळ दुसऱ्या खोलीत न्यावा. आणि एका सिस्टरकडे तीस-चाळीस पेशंट देऊन वर तिच्याकडून हसतमुख चेहऱ्याची अपेक्षा ठेवणं हे क्रूर आहे. रिकाम्या जागा भरणं हे पहिलं काम. दोन हातांनी मूल धरायचं आणि तिसऱ्यानं भिरभिरं फिरवायचं, असा तिसरा हात ड्यूटी लिस्टमधूनच यावा लागतो.

खेळण्यांची पेटी कुणाच्या तरी नावावर असावी. पेटीत धुता येईल तेच: प्लॅस्टिकचे ठोकळे, भिरभिरी, गाड्या. केसाळ अस्वलं नकोत, ती धुऊन वाळत नाहीत. रोज संध्याकाळी साबणाच्या पाण्यानं, मग वॉर्डाच्या जंतुनाशकानं, मग पुन्हा साध्या पाण्यानं, कारण ती पुढच्या तोंडात जाणार असतात. गोवर, कांजिण्या असलेल्या मुलाला कागदाची खेळणी द्यावीत, ती पेटीत परत येत नाहीत.

आणि हे सगळं एका सिस्टरच्या हातोटीवर राहिलं तर तिची ड्यूटी संपली की संपतं. म्हणून ड्यूटी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये ते यायला हवं, तापाच्या आणि लघवीच्या नोंदीच्या शेजारी, तितक्याच सरळ: सात नंबर, चार वर्षांची मुलगी, निमोनियाचा तिसरा दिवस, व्हेनफ्लॉन डाव्या हाताला, उजवा अंगठा चोखते. आईच्या मांडीवर बसून घेते, सुई बघायची असते, डोळे झाकू नका. बुडबुड्यांना घाबरते, भिरभिरं चालतं, पिवळं. रात्री दहाच्या डोसला उठवताना आधी मोर बसवा.